एका खेळाचे रूपांतर

बडोद्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. पत्र लांब आहे आणि त्यातील रागही खरा आहे. त्यांच्या यजमानांनी, पन्नाशी ओलांडल्यावर, तळहातात मावेल असे एक खेळयंत्र मागविले. त्यात चाळीस वर्षांपूर्वीचे शेकडो खेळ भरलेले आहेत म्हणे. रात्रीची जेवणे आटोपली की बापलेक आकाशातून उतरणाऱ्या किड्यांवर गोळ्या झाडीत बसतात. "मुलाच्या हातचा मोबाइल काढून घ्यावा, तर वडीलच त्याच्या हाती तोफ देतात. आपण शिक्षक आहात. या भुतावळीत पाहण्यासारखे काय आहे, ते एकदा लिहाच," असा ताईंचा आदेश आहे.

आदेश शिरोधार्य. मात्र ताईंच्या बाजूने निकाल देण्यासाठी लेखणी उचललेली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

त्या किड्यांचे मूळ गाव जपान. 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ तैतो या जपानी कंपनीने १९७८ साली बाजारात आणला. तोमोहिरो निशिकाडो या एकाच गृहस्थाने त्याची कल्पना, चित्रे, आज्ञावली, इतकेच नव्हे तर आतील विद्युत्-जुळणीसुद्धा केली. आरंभी रणगाडे, विमाने असे शत्रू योजून पाहिले. माणसांच्या आकृती हलविणे त्यातल्या त्यात सोपे होते. परंतु माणसांवर गोळ्या झाडण्याचा खेळ आम्ही विकणार नाही, असे कंपनीने बजाविले. मग परग्रहावरून आलेले ऑक्टोपस, खेकडे आणि माखली यांच्या रूपाचे प्राणी अवतरले. ताईंनी हा तपशील ध्यानात घ्यावा. आजच्या मोबाइलवरील कित्येक खेळांत माणसेच पडत असतात; त्या मानाने ती जुनी कंपनी सोवळी म्हटली पाहिजे.

खेळ अगदी साधा. अकरा अकरांच्या पाच रांगा, म्हणजे ५५ आक्रमक, पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकतात, कडेला पोहोचले की एक पायरी खाली उतरतात आणि उलट दिशेने निघतात. खाली आपली एकुलती एक तोफ आणि तिच्यापुढे चार तटबंद्या. एक गोळी सुटली की ती लागेपर्यंत किंवा पडद्याबाहेर जाईपर्यंत दुसरी सुटत नाही. शत्रूची गोळी आणि आपली गोळी अधेमधे भेटून एकमेकींना नाहीशी करू शकतात. रामानंद सागरांच्या 'रामायण' मालिकेत १९८७ साली आकाशात बाण बाणाला भिडू लागले, तेव्हा सारा देश दूरदर्शनसमोर हात जोडून बसला होता. खेळातील गोळ्या जपानात त्याआधी नऊ वर्षे भिडत होत्या.

आणि या खेळात जिंकणे नाही. एक फळी संपली की दुसरी उभी राहते, ती पहिलीपेक्षा खालून सुरू होते. शेवट ठरलेला आहे. प्रश्न एवढाच की तोवर तुम्ही किती टिकता.

आता या पडद्यावर चित्र कसे उमटते ते पाहू. गृहिणींना ठिपक्यांच्या रांगोळीचा दाखला पुरेसा आहे. मूळ यंत्राचा पडदा म्हणजे २२४ ठिपके रुंद आणि २५६ ठिपके उंच अशी रांगोळी. प्रत्येक ठिपका पेटलेला किंवा विझलेला. त्यातील काही पेटविले की खेकडा दिसतो. तोच खेकडा पुसून बाजूला पुन्हा काढला की तो चालल्याचा भास होतो. इंदूरकरांना आणखी सोपे उदाहरण देता येईल. अनंत चतुर्दशीच्या रात्री येथील कापडगिरण्यांच्या झांक्या निघतात. त्यांवरील दिव्यांच्या माळांतून उजेड धावतो, पण दिवा मात्र जागचा हलत नाही.

हे पुसणे आणि काढणे यंत्राला फुकट होत नाही. त्या यंत्राचा मेंदू, म्हणजे इंटेल कंपनीचा ८०८० हा प्रक्रियक, आजच्या मानाने अगदीच मंद. पडदा सेकंदाला साठ वेळा रेखाटला जाई आणि दर खेपेस एकच आक्रमक पुढे सरके. पंचावन्नांची पलटण एक पाऊल पुढे जाण्यास त्यामुळे जवळजवळ एक सेकंद लागे. आता तुम्ही पंचेचाळीस मारले आणि दहा उरले, तर त्या दहांचे पाऊल सेकंदाच्या सहाव्या भागातच पडते. शेवटचा एकटा उरतो तो तर वाऱ्यासारखा धावतो. शत्रू जितके कमी, तितके ते चपळ. संकट संपत आले असे वाटते त्याच क्षणी ते सर्वांत बिकट होते. जोडीला चार खर्ज सुरांची एक धून सतत वाजत असते आणि पावलांबरोबर तिचीही लय वाढत जाते. छातीचे ठोके वाढावेत तशी.

हा वेग वाढविण्याचा आदेश निशिकाडोंनी दिलेला नव्हता. ती यंत्राच्या दुबळेपणाची करामत. त्यांनी ते पाहिले आणि तसेच राहू दिले. एवढ्या एका निर्णयासाठी मी त्यांना कलावंत म्हणायला तयार आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१३ साली हा खेळ आपल्या संग्रहात घेतला, पण त्याआधीच तसे म्हणण्यास हरकत नव्हती. (या खेळापायी जपानात शंभर येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला, अशी एक कथा पुष्कळ ठिकाणी छापली गेली आहे. ती दंतकथा आहे, पण खेळ किती चालला ते तिच्यावरून कळते.)

हे झाले मूळ. परंतु बडोद्याच्या त्या यजमानांनी लहानपणी जो खेळ पाहिला असेल, तो मूळ असण्याचा संभव कमी. तो बहुधा रूपांतर असावा. मला आस्था आहे ती या रूपांतराची.

मराठी माणसाला रूपांतराचे नवल नसावे. शेक्सपिअरचा 'हॅम्लेट' आपल्याकडे १८८३ साली आगरकरांनी 'विकारविलसित' म्हणून आणला, 'ऑथेल्लो' देवलांच्या हातून १८९० साली 'झुंजारराव' झाला, आणि शॉचे 'पिग्मॅलियन' पुलंनी 'ती फुलराणी'च्या रूपाने थेट मराठी बोलींच्या अंगणात नेऊन बसविले. या तिघांनी काय ठेवले आणि काय सोडले, यावर आम्ही एम.ए.च्या वर्गात तासन् तास वाद घातला. तोच वाद खेळांच्या रूपांतराविषयी घालता येतो. फरक एवढाच की तेथे भाषेऐवजी स्मृतीचा संकोच आड येतो.

पहिले अधिकृत घरगुती रूपांतर १९८० साली अमेरिकेच्या अटारी कंपनीने केले. दूरचित्रवाणीला जोडायच्या त्यांच्या खेळपेटीत कामचलाऊ स्मृती होती १२८ बाइट. हजार नव्हे, नुसते एकशे अठ्ठावीस. या परिच्छेदाच्या पहिल्या ओळीतील अक्षरेसुद्धा आजच्या पद्धतीने साठविली तर तेवढ्या जागेत मावणार नाहीत. रिक मॉरर या आज्ञावलीकाराने ५५ चे ३६ आक्रमक केले, चार तटबंद्यांच्या तीन केल्या, आणि उलट बाजूने खेळाचे ११२ प्रकार देऊ केले. मुळातील आकडे गेले, पण पावलांची वाढती लय त्याने राखली. काय गमवावे हे त्याला बरोबर कळले होते.

भारतात घरगुती संगणक आले ते दोन वाटांनी. एक वाट सरकारी होती. १९८४ साली केंद्र सरकारने 'क्लास' या नावाची शालेय संगणक-साक्षरता योजना सुरू केली आणि पहिल्या टप्प्यात सुमारे अडीचशे शाळांना ब्रिटनचे 'बीबीसी मायक्रो' संगणक दिले. पुढे चंदीगडजवळच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने तेच यंत्र परवान्याने आपल्या देशातही तयार केले. अवघ्या देशात अडीचशे शाळा! आमच्यासारख्या सरकारी शाळांतील मुलांनी तो संगणक वर्तमानपत्रातील छायाचित्रातच पाहिला. ज्या शाळांत तो आला, तेथेही मुले कोणत्या ओढीने त्याच्यापाशी जात असतील, याचा अंदाज त्या यंत्रासाठी इंग्लंडात निघालेल्या खेळांवरून येतो. 'आर्केडियन्स' हा 'गॅलेक्सियन' या जपानी खेळाचा घरगुती अवतार. दुसरा एक खेळ १९८२ साली 'डिफेंडर' या मूळ अमेरिकन नावानेच निघाला आणि मग मुकाट्याने 'प्लॅनेटॉइड' झाला. मूळ लेखकाची परवानगी न घेता नाटक बसवावे आणि ऐनवेळी जाहिरातीवरचे नाव बदलावे, तसलाच प्रकार.

दुसरी वाट खाजगी. ब्रिटनच्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा 'झेडएक्स स्पेक्ट्रम' १९८२ साली निघाला. त्याची सुधारलेली आवृत्ती डेसिबेल्स या भारतीय कंपनीने परवान्याने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने आपल्याकडे आणली. आमच्या स्नेहलतागंजात तो १९८७ साली आला. मी तेव्हा दहावीत होतो. आमच्या गल्लीतील एक अभियंते काका तो घेऊन आले. काळा, चपटा, पोळपाटापेक्षा थोडा लांब. पडदा म्हणून घरचाच टीव्ही. त्यामुळे रविवारी सकाळी 'रामायण' संपेपर्यंत संगणकाला सोवळ्यातच बसावे लागे. कार्यक्रम साठविण्यासाठी गाण्यांचा साधा टेपरेकॉर्डर. काकांची एक कॅसेट अजून आठवते. तिच्या एका बाजूला अभंग होते आणि दुसऱ्या बाजूला आक्रमक. टेप सुरू केली की कर्कश किंकाळ्या ऐकू येत. तो खेळच आवाजाच्या रूपाने यंत्रात शिरत असे. मोठा खेळ भरण्यास पाच मिनिटे लागत, आणि मध्येच लाइट गेली की सारे मुसळ केरात. यंत्राच्या स्मृतीत काही उरत नसे. लाइट आली की पुन्हा किंकाळ्या, पुन्हा पाच मिनिटे, आणि आतल्या खोलीतून काकूंचा प्रश्न, "अरे, त्या यंत्राला कुणी मारतंय का?"

काकांचा टीव्ही कृष्णधवल होता आणि त्यावर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे रंगीत प्लास्टिकचा पडदा लावलेला होता. वर निळा, मध्ये गुलाबीसर, खाली हिरवा. म्हणजे आमचे आक्रमक निळ्या पट्ट्यातून निघून हिरव्यात उतरत. पुढे मला कळले की जपानच्या मूळ यंत्राचा पडदाही कृष्णधवलच होता आणि रंग यावेत म्हणून त्यावर रंगीत सेलोफेनच्या पट्ट्या चिकटविलेल्या असत. रूपांतर करणाऱ्यांनी जे सोडले होते, ते आमच्या काकूंच्या प्लास्टिकने नकळत परत आणले.

स्पेक्ट्रमच्या रंगांची व्यवस्था मोठी चमत्कारिक होती. पडदा २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचा. त्यावर आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या ७६८ चौकटी. एका चौकटीत दोनच रंग, एक आकृतीचा व एक पार्श्वभूमीचा. पांढरे विमान लाल राक्षसाजवळून गेले की चौकटीतील सगळेच लाल नाही तर सगळेच पांढरे. कच्च्या रंगाचे लुगडे धुताना शेजारच्या सदऱ्याला लागावे तसे. या कंजूषपणामागे हिशेब होता. बीबीसी मायक्रोच्या ३२ के स्मृतीतून रंगीत चित्रालाच २० के लागत. घराचा अर्धाअधिक भाग दिवाणखान्यात गेला तर स्वयंपाक कोठे करावा? स्पेक्ट्रमच्या ४८ के पैकी चित्राला सात के सुद्धा लागत नसत. उरलेली सारी जागा खेळाला मोकळी. म्हणून १९८७ चा 'आर-टाइप' हा राक्षसी थाटाचा जपानी खेळ पुढच्याच वर्षी या चिमुकल्या यंत्रावर येऊ शकला. तो आणणारे बॉब पेप यांचे काम जाणकार आजही वाखाणतात. अशा रूपांतरकारांना मूळ आज्ञावली सहसा मिळत नसे. मोठ्या यंत्रासमोर बसायचे, खेळायचे, पाहायचे, आणि पाहिलेले घरी येऊन आपल्या शब्दांत लिहायचे. शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांत श्लोक बसविणाऱ्या पंडिताची आणि या तरुणांची जात एकच, असे माझे मत आहे; शास्त्री मंडळींनी रागावू नये.

माझ्यापुरती मोलाची गोष्ट निराळीच होती. ते यंत्र सुरू केले की त्यावर खेळांची यादी येत नसे. मोकळा पडदा समोर येई आणि यंत्र वाट पाहत बसे. काही तरी लिहिल्याशिवाय ते हलत नसे. खेळ भरण्याचा आदेशही आपणच टंकायचा. त्यामुळे हा आदेश दिला तर दुसरा देऊन पाहावा, असा मोह प्रत्येक मुलाला होई. काकांनी मला एक सोय दाखविली. स्पेक्ट्रममध्ये २१ अक्षरांच्या जागा रिकाम्या ठेवलेल्या असत. तेथे आठ गुणिले आठच्या चौकटीत आपल्याला हवी ती आकृती बसविता येई. परदेशातील मुले तेथे राक्षस बसवीत. मी म्हटले, 'म' बसवू.

आमची शाळा हिंदी माध्यमाची. मराठी होती ती घरात, गणेशोत्सवात आणि आजीच्या पोथीत. टीव्हीच्या पडद्यावर मी तोवर मराठी अक्षर पाहिले नव्हते, आणि या यंत्राला तर इंग्रजीखेरीज काही येतच नव्हते. काकांनी चौकडीची वही पुढे केली. आठही ठिपके पेटले की त्या ओळीची किंमत २५५. ती आपली शिरोरेषा. शेजारच्या चौकटीतही २५५ दिले की दोन अक्षरांच्या शिरोरेषा आपोआप जुळतात, हे पाहून काका स्वतःच चकित झाले. इंग्रजी अक्षरे सुटी असतात, आपली हात धरून उभी राहतात, आणि परक्या यंत्राने ते हात धरू दिले होते. परंतु शिरोरेषा पहिल्या ओळीत घेतली तर वेलांटीला जागा नाही. म्हणून ती तिसऱ्या ओळीत उतरविली. मग अक्षराच्या अंगाला उरल्या पाच ओळी. त्यांत 'ठ' चे पोट बसवताना दोन संध्याकाळी गेल्या. उकाराला खाली जागा नव्हतीच. जोडाक्षरांचे तर नावही काढायचे नाही. वर जागा एकवीसच. म्हणजे सगळी वर्णमाला नव्हे. कोणती अक्षरे ठेवायची, कोणती सोडायची, हे ठरविणे आले. शेवटी 'मराठी' हा शब्द पाच चौकटींत उभा राहिला. काकूंनी लाटणे हातात घेऊनच येऊन पाहिले. "वेलांटी जरा आखूड झाली," म्हणाल्या.

आज मोबाइलवर मराठी सहज उमटते, जोडाक्षरांसह. त्या दोन संध्याकाळींची गरज कोणाला उरलेली नाही, हे चांगलेच झाले.

खेळाचे मूळ यंत्र मी दोन वर्षांनी मुंबईला मावशीकडे गेलो तेव्हा पाहिले. भली मोठी उभी पेटी. तिच्या आत आरशाच्या युक्तीने आक्रमक एका रंगविलेल्या चांद्रभूमीवर तरंगत होते. नाणे टाकताच खेळ सुरू. किंकाळ्या नाहीत, वाट पाहणे नाही. सूर मात्र भक्कम. आमच्या स्पेक्ट्रमला एकच बारीक किरकिरा आवाज होता आणि तो काढण्यात मेंदू गुंतला की बाकीची कामे अडत. मावसभावाला ती पेटी नेहमीची. मला मात्र तिच्यात काही तरी जास्तीचे वाटत राहिले. रूपांतर आधी आणि मूळ मागाहून भेटले की असे होते. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या माणसाला हा अनुभव इतर बाबतींतही येतो. पुण्याचा गणपती प्रथम पाहिला तेव्हा तो मला आमच्या झांक्यांची नक्कल वाटला होता.

तर बडोद्याच्या ताई, आपल्या यजमानांच्या यंत्राविषयी माझी तक्रार एकच आहे, आणि ती आपल्या तक्रारीहून वेगळी. त्यात सारे शिजवून ताटात वाढलेले आहे. मोकळा पडदा कोठेच नाही. चिरंजीवांना खेळू द्या, पण रविवारी दोघा बापलेकांना चौकडीची वही आणि पेन्सिल द्या आणि एक खेकडा आठ ठिपक्यांच्या चौकटीत काढून दाखवा म्हणावे. नंतर घरातल्या संगणकावर तो चालविण्याचा उद्योग त्यांच्यामागे लावा. आज त्याला पैसेही पडत नाहीत. मुलांसाठी तयार केलेल्या 'स्क्रॅच' या साधनाने आठवीतील मूल ते करू शकते.

आमच्या शाळेत आठवीच्या एका मुलाने यंदा ते केले. मी त्याला खेळाचे वर्णन तेवढे तोंडी सांगितले होते. मूळ खेळ दाखविला नव्हता. त्याने पाच रांगा उभ्या केल्या, तोफ केली, गोळ्या केल्या. आक्रमक सरकू लागले, उतरू लागले, मरू लागले. तरी तो खट्टू. माझ्या खोलीत येऊन म्हणाला, "सर, ये कम होने पर तेज़ क्यों नहीं होते?"

होणार कसे? आजच्या यंत्राला पंचावन्न काय आणि पाच काय, भार जाणवतच नाही. निशिकाडोंना जे यंत्राच्या दुबळेपणामुळे आयते मिळाले, ते या मुलाला हाताने लिहावे लागणार होते. मी फळ्यावर साठ आणि पंचावन्न हे आकडे लिहिले आणि दर खेपेस एकच हलतो एवढे सांगितले. तो फळ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग उरलेल्यांची संख्या मोजायची आणि तिच्याप्रमाणे थांबण्याचा काळ ठरवायचा, असे त्याचे त्यानेच काढले. मधल्या सुट्टीनंतर बोलवायला आला. शेवटचा एकटा खेकडा पडद्यावर असा काही धावत होता की वर्गातल्या कोणालाच तो मारता येईना. बाहेर तासाची घंटा झाली, पण रांग मोडायला कोणी तयार नव्हते.